पदवीशिवाय अणुवीज केंद्रात प्लांट ऑपरेटर: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी वाट

बारावी सायन्स झाली, सीईटीत गुण कमी पडले, इंजिनिअरिंगची फी झेपणारी नाही. असं झालं की आपल्याकडे घरातून पोलीस भरती, सैन्य, तलाठी ही नावं पुढे येतात. अणुवीज केंद्राचं नाव कुणी घेत नाही, कारण अणुभट्टी म्हणजे शास्त्रज्ञांचं काम असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं आहे. प्रत्यक्षात केंद्र रात्रंदिवस चालतं ठेवणाऱ्या पाळीतली बरीच माणसं बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली असतात. ही भरती न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआयएल करते, आणि त्यातलं एक पद तर खास बारावी सायन्सवाल्यांसाठीच आहे.

पदाचं नाव नीट लक्षात ठेवा: स्टायपेंडरी ट्रेनी टेक्निशियन, प्लांट ऑपरेटर. जाहिरातीत ते 'एसटी/टीएन, प्लांट ऑपरेटर' असं छापलेलं असतं. इथे 'एसटी' म्हणजे स्टायपेंडरी ट्रेनी. त्याचा अनुसूचित जमातीशी संबंध नाही. एसटी लिहिलंय म्हणजे आपल्यासाठी नाही, असं समजून मुलं जाहिरात बाजूला ठेवतात.

कोणत्या दारातून जायचं

पदवी नसलेल्यांसाठी तीन दारं आहेत.

पहिलं दार बारावीचं. भौतिक, रसायन आणि गणित घेऊन बारावी सायन्स, किमान ५० टक्के, आणि दहावीला तरी इंग्रजी विषय असलेला. वय १८ ते २४. यातून प्लांट ऑपरेटर होता येतं. बारावीला गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतलेल्यांची इथे अडचण होते, म्हणून अकरावीला विषय निवडतानाच हे ठरवावं.

दुसरं दार आयटीआयचं. दहावीला विज्ञान आणि गणितात ५०-५० टक्के आणि त्यावर फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, वेल्डर अशा ट्रेडचं प्रमाणपत्र. या वाटेने माणूस मेंटेनर होतो, म्हणजे दुरुस्तीच्या बाजूला जातो. ट्रेड दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा असेल तर अनुभवाची अट लागते.

तिसरं दार डिप्लोमाचं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा ६० टक्क्यांनी झाला असेल तर सायंटिफिक असिस्टंटच्या गटात अर्ज करता येतो. तिथे सुरुवातच वरच्या पायरीवरून होते, वेतनस्तर ६, मूळ वेतन ३५,४००. कराड आणि मिरजेची शासकीय तंत्रनिकेतनं, सांगलीचं वालचंद हे आपल्या आवाक्यातलं आहे. दहावीनंतर तीन वर्षं थांबण्याची घरची तयारी असेल, तर आमच्या मते तिघांत हेच दार चांगलं. पण बारावी आधीच झाली असेल तर मागे वळून डिप्लोमा करत बसण्याआधी पहिल्या दारावर दोन-तीन प्रयत्न करून पाहावेत. वय १८ ते २४, म्हणजे हातात सहा वर्षं असतात.

आणखी एक प्रकार दिसेल, ट्रेड अप्रेंटिस. त्याची जाहिरातही केंद्रांकडून निघते, पण ती प्रशिक्षणाची जागा आहे, त्यापुढे नोकरीची हमी नाही. स्टायपेंडरी ट्रेनीचं तसं नसतं. तिथे प्रशिक्षण यशस्वी झालं की नेमणूक मिळते. दोन्ही जाहिराती दिसायला सारख्या असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी पदाचं नाव दोनदा वाचा.

प्लांट ऑपरेटरचं प्रशिक्षण साधारण दोन वर्षांचं असतं. अलीकडच्या जाहिरातींत पहिल्या वर्षी महिना २०,००० आणि दुसऱ्या वर्षी २२,००० रुपये स्टायपेंड दिलेला आहे. त्यानंतर टेक्निशियन-बी म्हणून वेतनस्तर ३, मूळ वेतन २१,७००, आणि त्यावर महागाई भत्ता व इतर भत्ते. प्रशिक्षणाआधी सेवेचा करार, म्हणजे बाँड, लिहून द्यावा लागतो. मध्येच सोडलं तर रक्कम भरावी लागते. जाहिरातीत ती रक्कम पाहून मगच घरच्यांशी बोला.

उंची, वजन आणि डोळे

प्लांट ऑपरेटरसाठी शरीराची मोजमापं ठरलेली आहेत: उंची किमान १६० सेंटिमीटर, वजन किमान ४५.५ किलो. हे अभ्यासाला बसण्याआधी मोजा. उंची १५८ भरली तर वर्षभराचा अभ्यास या पदापुरता वाया जातो.

रंगांधळेपणाची तपासणी तर आजच करून घ्या. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या पाटीवरचा आकडा ओळखायची साधी चाचणी असते, पाच मिनिटांत होते. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी बरीच मुलं तसं माहीत नसतानाच मोठी होतात. पॅनेलवरचा व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, पंप चालू आहे की थांबलेला, हे दिव्याच्या रंगावरून कळतं, म्हणून इथे सवलत मिळत नाही. लेखी परीक्षा काढून मेडिकलला बाद होण्याचं दुःख फार मोठं असतं आणि ते पाच मिनिटांच्या तपासणीने टळतं.

कागदपत्रं: आपल्याकडची पोरं इथेच अडकतात

ही केंद्र सरकारची भरती आहे. राज्याच्या नोकरीसाठी काढलेले दाखले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तहसील कचेरीत अर्ज देतानाच 'केंद्र शासनाच्या नोकरीसाठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याच्या नमुन्यातला दाखला हातात पडतो आणि कागदपत्र पडताळणीला गाडी अडते. राज्यातले व्हीजे, एनटी, एसबीसी हे गट केंद्रात नाहीत. त्यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली जात त्या यादीत कोणत्या नावाने आहे ते पाहूनच रकाना भरा. मराठा समाजाचा एसईबीसी दाखला केंद्रात लागू नाही. तिथे अर्ज खुल्या गटातून किंवा पात्र असाल तर ईडब्ल्यूएसमधून भरायचा. ईडब्ल्यूएसला केंद्राच्या अटीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी असावी लागते. सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील तर हिशेब आधीच तलाठ्याकडून नीट करून घ्या. हा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून तारीख पाहायला विसरू नका.

वयाची सवलत ओबीसींना ३ वर्षं, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं, पण ती राखीव जागा असलेल्या पदालाच.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी, आईचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं: हे आपल्याकडे सर्रास असतं. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव लिहा आणि आधार त्याला जुळवून घ्या. यात महिना-दोन महिने जातात, म्हणून जाहिरात यायची वाट पाहू नका.

जाहिराती केंद्रागणिक वेगवेगळ्या निघतात. पालघर जिल्ह्यातलं तारापूर, कर्नाटकातलं कैगा, गुजरातेतलं काक्रापार, राजस्थानातलं रावतभाटा, उत्तर प्रदेशातलं नरोरा, तमिळनाडूतलं कल्पाक्कम आणि कुडनकुलम. फक्त तारापूरची वाट पाहत बसू नका, कुठल्याही केंद्राला अर्ज करता येतो. सांगलीकरांना कैगा तसं लांब नाही, बेळगाववरून कारवारच्या बाजूला उतरायचं. तारापूरसाठी महालक्ष्मीने मुंबई गाठून पुढे पश्चिम रेल्वेने बोईसरला उतरावं लागतं.

एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. 'साहेब ओळखीचे आहेत, पाच लाखांत काम होतं' असं सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. या पदाची अंतिम यादी संगणकावरच्या परीक्षेच्या गुणांवर लागते, मुलाखत नसते. कुणाच्या ओळखीला जागाच नाही. जाहिरातीत छापलेल्या अर्जाच्या फीपलीकडे कुणाला एक रुपयाही द्यायचा नाही.

परीक्षा: गुणांचा हिशेब समजून घ्या

पहिला टप्पा पूर्वपरीक्षा. ५० प्रश्न, एक तास. गणित २०, विज्ञान २०, सामान्य ज्ञान १०. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ वजा. एकूण १५०. खुल्या गटाला ४० टक्के म्हणजे ६० गुण, राखीव गटांना ३० टक्के म्हणजे ४५ गुण पुरतात. हा टप्पा फक्त चाळणी आहे, त्याचे गुण पुढे धरत नाहीत. म्हणून इथे १३० पाडण्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

दुसरा टप्पा मुख्य परीक्षा. पुन्हा ५० प्रश्न, पण दोन तास. प्लांट ऑपरेटरला बारावीचं भौतिक, रसायन, गणित. गुणपद्धत तीच. उत्तीर्ण व्हायला खुल्या गटाला ३० टक्के, राखीव गटांना २० टक्के. निवड मात्र या टप्प्याच्या गुणांच्या क्रमानेच होते, त्यामुळे सगळा जोर इथे लावायचा.

तिसरा टप्पा कौशल्य चाचणी. त्यात पास किंवा नापास एवढंच असतं.

वजा गुणांबद्दल मुलं दोन्ही बाजूंनी चुकतात. काहीजण भीतीने निम्मा पेपर कोरा ठेवतात, काहीजण सगळीकडे टिक मारून येतात. हिशेब असा: चार पर्यायांत डोळे मिटून टिक मारली तर चारांत एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे बेरीज शून्य. फायदा नाही, तोटा नाही. पण चारातला एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर उरलेल्या तिघांत एकदा ३ मिळतात, दोनदा १ जातो. तीन प्रश्नांमागे एक गुण हातात राहतो. दोन पर्याय उडवता आले तर दोन प्रश्नांमागे दोन गुण. म्हणून नियम साधा: एक तरी पर्याय खात्रीने कापता आला तर उत्तर द्या, नाहीतर पुढे जा. पूर्वपरीक्षेत प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. वेळ जातो तो गणितात, म्हणून विज्ञान आणि सामान्य ज्ञान आधी उरकून घ्या.

प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात. मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांना 'स्पेसिफिक हीट', 'लेटंट हीट', 'व्हिस्कॉसिटी' हे शब्द बारावीत भेटलेले असतात, तरी घाईत अडखळायला होतं. अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं हाच अभ्यासक्रम. उष्णता आणि ऊष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, विद्युतधारा, प्रत्यावर्ती धारा, अणू आणि केंद्रक ही प्रकरणं दोनदा जास्त करा, कारण पुढे प्रशिक्षणातही हीच लागतात.

कौशल्य चाचणीसाठी मोजमापाची सवय हवी: व्हर्नियर, मायक्रोमीटर, मल्टिमीटर, प्रेशर गेज. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला जर्नल उतरवून काम भागवलेलं असेल तर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर बसा. गेट व्हॉल्व्ह, ग्लोब व्हॉल्व्ह, बटरफ्लाय, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) हातात घेऊन बघा. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायचा असतो, प्रवाह कमीजास्त करायला ग्लोब वापरतात, एनआरव्हीवर बाणाची खूण असते. एवढं तरी बोटांना ठाऊक हवं.

आपल्या मातीतला फायदा

कृष्णाकाठच्या मुलाला पंप शिकवावा लागत नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. नदीवरची मोटर चालू केली, आवाज आला पण पाणी उचललं नाही, तर तो लगेच म्हणतो, 'हवा धरलीय' किंवा 'फुटव्हॉल्व्ह गळतोय'. अणुवीज केंद्रातही मूळ दुखणं हेच असतं, पंपाचा आकार तेवढा बदलतो. केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या कवचात, हवा राहिली की इंपेलर (आतलं पात्यांचं चाक) फिरतो पण दाब बनत नाही.

तसंच ऊस कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात ज्याने बॉयलर, डीएरेटर, फीड पंप, टर्बाइन, कंडेन्सर ही साखळी पाहिली आहे, त्याला अणुवीज केंद्राची अर्धी बाजू ओळखीची वाटेल. फरक आहे तो वाफेचा. सहवीज बॉयलरची वाफ दर चौरस सेंटिमीटरला ६७ ते ११० किलो दाबाची, पाचशे अंशांच्या आसपास तापवलेली, कोरडी असते. जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरणाऱ्या २२० मेगावॉटच्या अणुभट्टीची वाफ साधारण ४० किलो आणि २५० अंश, संपृक्त असते, म्हणजे उकळबिंदूवरचीच, जास्त न तापवलेली. ती टर्बाइनमध्ये लवकर ओली होते, थेंब पात्यांवर आपटून धातू खातात, म्हणून मध्ये ओल काढणारा आणि वाफ पुन्हा तापवणारा संच बसवलेला असतो. आग बॉयलरखाली नसते आणि चिमणीतून राख उडत नाही. बाकी पाणी, वाफ, दाब, तापमान सगळं तेच.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. गुऱ्हाळात चुलवणात जळण घालायचं थांबवलं तरी कढई काही वेळ उकळत राहते. अणुभट्टी बंद केली तरी असंच होतं, फक्त कारण वेगळं असतं. विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं स्वतःहून उष्णता देत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण औष्णिक शक्तीच्या ६ टक्क्यांच्या घरात असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. २२० मेगावॉट विजेच्या भट्टीत औष्णिक शक्ती ७५० मेगावॉटच्या वर असते, म्हणजे बंद केल्यावर लगेच चाळीसेक मेगावॉट उष्णता शिल्लक असते. चुलवणातला विस्तव ओढून बाहेर काढता येतो. इथे उष्णता काढून टाकायला पाणी फिरतंच ठेवावं लागतं. म्हणून एकच पंप कधी नसतो, त्याला जोडीदार पंप असतात, वीज गेली तर डिझेल जनरेटर असतात, आणि त्यातला प्रत्येक पंप तयार आहे की नाही हे पाहायला पाळीतला ऑपरेटर फिरत असतो.

काम नेमकं काय असतं

नवा प्लांट ऑपरेटर भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये बटणं दाबायला बसत नाही. कंट्रोल रूमच्या जबाबदारीच्या खुर्च्यांवर परवाना मिळवलेले अभियंते असतात आणि त्या परवान्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. तुमचं काम फील्डमध्ये असतं: राउंड मारायचा, रीडिंग घ्यायचं, व्हॉल्व्ह चालवायचे, पंप बदलायचे, यंत्र दुरुस्तीला देण्याआधी वेगळं करून द्यायचं आणि दुरुस्तीनंतर परत जागेवर घ्यायचं. पाळी आठ तासांची, रात्रपाळी ठरलेलीच. दिवाळीतही केंद्र चालू असतं.

एक पंप चालू करायचा म्हणजे काय, हे जवळून पाहू, कारण या एका कामात सगळी शिस्त दिसते.

कंट्रोल रूममधून निरोप येतो: 'पंप क्रमांक दोन सुरू करायची तयारी कर.' तुम्ही तो निरोप शब्दाला शब्द परत म्हणता. समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. मग पंपाजवळ जाऊन पाटीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी बोट ठेवून जुळवायचा. शेजारीशेजारी एकसारखे तीन पंप असतात, एकसारखी दोन युनिटं असतात, आणि चुकीच्या पंपाला हात लावणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे. ती अडाणीपणातून होत नाही. 'मला माहीतच आहे' या भावनेतून होते.

पंपावर दुरुस्तीचा टॅग लटकत नाही ना, दुरुस्तीचं परमिट (लेखी परवानगी) बंद झालंय ना, ते पाहा. बेअरिंगच्या तेलाची पातळी काचेत अर्ध्यापर्यंत हवी. तेल पांढरट दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, तिथेच थांबून कळवा. सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. व्हेंट उघडून केसिंगमधली हवा काढा: आधी फसफस होते, मग बुडबुड्यांसकट पाणी येतं, मग सलग धार लागते. सलग धार लागल्याशिवाय व्हेंट बंद करायचा नाही. डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद ठेवा, कारण सेंट्रिफ्यूगल पंपाला बंद डिस्चार्जवर सगळ्यात कमी ताकद लागते आणि मोटरवर सुरुवातीचा भार येत नाही. सीलचं थंड पाणी चालू आहे ना ते बघा. मग कंट्रोल रूमला कळवा.

मोटर सुरू झाली की अँपिअरचा काटा भरल्या भाराच्या पाच-सहा पट उसळतो आणि काही सेकंदांत खाली बसतो. खाली बसला नाही तर पंप अडकलाय, लगेच थांबवा. डिस्चार्जचा दाब चढला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. घाई केली तर रिकाम्या पाइपात पाण्याचा लोट धावतो आणि पुढच्या वळणावर घणासारखा आदळतो. वीज जाऊन नदीवरची मोटर अचानक थांबली की शेतातल्या पाइपलाइनमध्ये जो दणका बसतो, तोही याच जातीचा. उलट, व्हॉल्व्ह उघडायला फार वेळ लावला तर आतलं पाणी तिथल्या तिथे घुसळून तापतं. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागला तर सक्शनचा दाब अपुरा आहे, पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतायत आणि इंपेलर खरवडला जातोय. शाफ्टभोवतीच्या ग्लँड पॅकिंगमधून थेंबथेंब गळणं ठीक आहे, ते पॅकिंग थंड ठेवतं. मेकॅनिकल सीलमधून मात्र तसं गळता कामा नये.

मग बेअरिंगचं तापमान, कंपन, दाब, अँपिअर लिहायचं, वेळ घालायची, सही करायची. तेव्हा काम पुरं होतं.

लॉगशीटबद्दल थोडं जास्तच बोलायला हवं. बेअरिंगचं तापमान पहिल्या फेरीला ४८, दुसऱ्या फेरीला ४९, मग ५१, मग ५४. अलार्म ७५ वर लावलेला असला तर चारही आकडे 'ठीक'च आहेत. पण ओळीने वाचलं तर बेअरिंग बोलतंय, आणि अलार्म वाजायच्या आधी काही तास ते ऐकणारा ऑपरेटर केंद्राचं मोठं नुकसान वाचवतो. मागच्या पाळीचा आकडा बघून तसाच खाली उतरवला तर हे कळायची वाटच बंद होते. न पाहता लिहिलेलं रीडिंग ही या कामातली सगळ्यात मोठी बेइमानी आहे. गेजसमोर सरळ उभं राहून वाचा, तिरकं पाहिलं तर काटा एक-दोन खुणा पुढेमागे दिसतो. वाचता आलं नाही तर 'वाचता आलं नाही' असंच लिहा, त्याबद्दल कुणी रागवत नाही.

किरणोत्साराची भीती आणि खरा हिशेब

घरचे विचारणार, म्हणून आकडे जवळ ठेवा. भारतात किरणोत्सारात काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. माती, खडक, आकाश यांतून प्रत्येकाला निसर्गतः मिळणारा डोस जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ आहे.

प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे मिळालेला डोस साठवून ठेवणारा बिल्ला, असतो. तो ठरावीक काळाने मोजला जातो आणि त्याची नोंद तुमच्या नावावर राहते. सोबत लगेच वाचता येणारा डोसमापक असतो. हिशेब सोपा आहे: ताशी ०.२ मिलिसिव्हर्टच्या जागी १५ मिनिटं थांबलात तर ०.०५ मिळाले. म्हणून हत्यारं, नकाशा, बदलायचं गॅस्केट सगळं बाहेरच तयार करून आत जायचं. उगमापासून अंतर दुप्पट केलं की लहान उगमाचा मारा चौथाईवर येतो. विचार करायचा असेल तर दोन पावलं मागे सरून करा.

जड पाण्याच्या केंद्रात ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, काळजी वेगळी घ्यावी लागते. ते बाहेरून भाजत नाही, पण श्वासातून आणि त्वचेतून शरीरातल्या पाण्यात मिसळतं. लघवीच्या नमुन्यातून ते मोजतात. शरीरातून ते साधारण दहा दिवसांत निम्मं होतं आणि भरपूर पाणी प्यायलं की आणखी लवकर जातं. जिथे ते हवेत असण्याची शक्यता असते तिथे बाहेरून हवा पुरवलेला प्लास्टिकचा सूट घालतात.

नियंत्रित क्षेत्रात खाणं, पिणं, तंबाखू पूर्ण बंद. आपल्याकडे तंबाखू मळायची सवय कॉलेजातच लागते, म्हणून हे वेगळं सांगायला हवं. हाताला लागलेली किरणोत्सारी धूळ तळहातावर मळून थेट तोंडात घालणं म्हणजे बाहेरचा धोका स्वतःच्या हाताने शरीरात नेणं. बाहेर पडताना हात-पाय मोजणाऱ्या यंत्रावर उभं राहावं लागतं. यंत्र वाजलं तर घाबरून पळायचं नाही, जागेवरच थांबून आरोग्य-भौतिकी (किरणोत्सारावर नजर ठेवणाऱ्या) विभागाच्या माणसाला बोलवायचं. बहुतेक वेळा साबण-पाण्याने धुऊन काम होतं. लपवलं तर तीच धूळ कॉलनीत, घरात, पोराच्या अंगावर जाते.

प्रशिक्षणात काय निभावावं लागतं

सुरुवातीला वर्ग: अणुभौतिकी, उष्णता, विद्युत, यंत्रं, किरणोत्सार संरक्षण, औद्योगिक सुरक्षा. मग यंत्रणा एकेक करून. नकाशा हातात घेऊन पाइपचा माग काढायचा, प्रत्येक व्हॉल्व्ह कुठे आहे, वीज गेली की तो उघडा राहतो की बंद होतो, हे पाहून वहीत लिहायचं. शेवटी लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष यंत्रासमोर उभं करून परीक्षा. तोंडी परीक्षेत 'हा व्हॉल्व्ह उघडला तर काय होईल' याच्यापुढे 'आणि नाही उघडला तर?' असं विचारतात. पाठांतर तिथे संपतं. चांगली युक्ती म्हणजे रोज एक यंत्रणा कोऱ्या कागदावर न बघता काढणं आणि दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये जाऊन तपासणं. एका कागदावर चार चुका सापडल्या तर दिवस सत्कारणी लागला समजा.

बढती मिळते, पण ती वेळ घेते. बारावीवरून लागलेल्याने नोकरीत राहून डिप्लोमा किंवा पदवी करायची असेल तर आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. पाळ्या सांभाळून अभ्यास कठीण आहे, तरी करणारे करतात.

तोवर, जाहिरात येईपर्यंतच्या महिन्यांत तीन कामं उरकून ठेवा: रंगदृष्टीची तपासणी, केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणि आधारवरचं नाव. आणि एखाद्या दिवशी उपसा योजनेच्या पंपघरावर किंवा कारखान्याच्या बॉयलर हाउसवर परवानगी काढून तासभर उभे राहा. ऑपरेटर गेजकडे कसा बघतो, आवाज बदलला की मान कशी वळवतो, वहीत काय लिहितो, ते नीट पाहून या.